पडीत

कंचनबाईंनी चपला शेताच्या कडेला, धुऱ्यावर काढून ठेवल्या आणि गवत नसलेली जागा पाहत शेतात पहिलं पाऊल टाकलं. भाद्रपदातलं गवत घोट्याच्या वर आलं होतं. मधेच कुठे तळहाताएवढी काळी माती दिसे, तिथे त्या पाऊल ठेवत, थांबत, आणि पुढची तेवढीच जागा शोधत. चातुर्मासात हिरव्यावर पाय द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. म्हणून गेली नऊ वर्षं या दिवसांत त्या शेताकडे फिरकल्याच नव्हत्या.

"काकी, अशा चालाल तर साहेबांची संध्याकाळ इथंच होईल," मागून देवेंद्रकुमार म्हणाला. त्यांच्या दिराचा, मिश्रीलालचा हा मुलगा. त्याने विजारीचे पाय दुमडले होते आणि तो सरळ गवतातून चालत होता.

"तू हो पुढे. मी येते."

"रागावल्या का?"

"रागावून चालता येतं का असं?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली पाहू लागल्या.

विहिरीजवळच्या जांभळाखाली तहसीलदार साहेब उभे होते. महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले, चष्मेवाले, मऊ आवाजाचे. त्यांच्याजवळ पटवारी मदनसिंग काखेत वह्या धरून, आणि चार हात अंतरावर पुंजाजी माळी, टोपी काढून हातात धरलेली. पुंजाजीची बायको कस्तुराबाई झोपडीच्या दारातच थांबली होती. तिने पदर दातात धरला होता.

शेत पाच एकर. वाशीमहून आसेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गावापासून दीड मैलावर. कागदावर फूलचंद आणि मिश्रीलाल या दोन भावांचं. फूलचंद गेले तेव्हा कंचनबाईंचं नाव लागलं. कसत मात्र आला पुंजाजी, आणि त्याच्याआधी त्याचा बाप. कार्तिकी पौर्णिमा सरली की इथे वांगी, गोबी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. आठवडी बाजारात पुंजाजीच्या टोपलीला माणसं आधी हात घालत. "फूलचंदजीच्या वाडीची मेथी" म्हटलं की भाव कोणी पाडून मागत नसे.

देवेंद्रकुमारला तिथे मैदान करायचं होतं. तंबूचा सिनेमा, सर्कस, प्रदर्शन, आणि श्रीमंतांची लग्नं. गावाला चांगली जागाच नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्याने रस्त्याकडचा एक एकर लग्नाला आणि मग महिनाभर सिनेमावाल्याला दिला होता. तंबू उठला, पण त्या एकराची माती तव्यासारखी झाली. कार्तिकात नांगर तिच्यावर उड्या मारत होता. मेथी टाकली ती पिवळी, तुटक तुटक उगवली, आणि निंदताना कस्तुराबाईच्या टाचेत सोडावाटरच्या बाटलीची काच गेली ती आठ दिवस निघाली नाही. तेव्हापासून कंचनबाईंनी सांगितलं होतं, माझी सही मिळणार नाही. मग देवेंद्रकुमारने शेताचं मैदान करायची परवानगी मागत कचेरीत अर्ज केला.

अर्ज केल्यावरही तो पहिल्यासारखाच रोज त्यांच्या पाया पडायला येत असे. "काकी, तुमचा चातुर्मास मी मोडणार नाही," तो एकदा हसत म्हणाला होता. "चातुर्मासात लग्नं असतात का? ते चार महिने मैदान रिकामंच. तुमचा नियम जसाच्या तसा राहील."

त्या दिवशी कंचनबाईंनी ताट तसंच बाजूला सारलं होतं.

शेताचा त्यांचा नियम असा होता: चातुर्मासाच्या चार महिन्यांत त्यांच्या शेतात कुदळ लागणार नाही, नांगर लागणार नाही, पेरणी होणार नाही. पावसाळ्यात मातीत जिवांची दाटी असते. पाऊल टाकलं तरी किती मरतात, मग फाळ घातला तर काय सांगावं. पती गेले त्या वर्षी साध्वी महासतीजींसमोर हात जोडून त्यांनी तो घेतला होता. पुंजाजीला बोलावून सांगितलं, आणि त्या चार महिन्यांची ज्वारी-डाळ आपल्या घरून त्याच्या झोपडीत पोचेल असंही सांगितलं. पुंजाजी तेव्हा बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला होता. मग म्हणाला होता, "तुमचा नेम तो आमचा नेम, बाई."

"या बाई," साहेब म्हणाले. "तुम्हाला त्रास दिला. पर्युषण चालू आहे ना तुमचं? उपास असेल."

"त्रास कसला. विचारा."

साहेब विहिरीभोवती एक फेरी मारून आले होते. विहिरीच्या पलीकडे, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थाळण्याच्या आडोशाला, दोन-तीन खाटा मावतील एवढ्या जागेत गवत नव्हतं. शेणखत पसरलेलं होतं, ओलं.

"हे काय आहे?"

"खत टाकलं जी," पुंजाजी घाईने म्हणाला. "कार्तिकासाठी."

कंचनबाईंनी मान वर केली. "चातुर्मासात, पुंजाजी?"

"वरूनच टाकलं बाई. कुदळ नाई लावली."

एवढ्यासाठी परक्या माणसांसमोर त्याला कशाला टोकायचं.

मदनसिंगाने वही उघडली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "पावसाळी हंगाम. पडीत. त्याच्या अगोदरचं साल, पडीत. त्याच्याही अगोदर, पडीत. नऊ सालं झाले साहेब, एकच शबद लिहून राह्यलो. आता तर न पाहता लिहिता येते मले."

"न पाहताच लिहिता का?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब! येऊन पाह्यतो अन् मंग लिहितो. गवताशिवाय दिसतेच काय इथं?"

देवेंद्रकुमार हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते कंचनबाईंकडे वळून हळू आवाजात, समजावून सांगावं तसं, बोलू लागले.

"बाई, गोष्ट साधी आहे. बारमाही बाग असेल तर मी हा अर्ज इथंच फेटाळतो. बागेचं मैदान करायला मी परवानगी देणार नाही. पण दरवर्षी जमीन पडीत राहत असेल, तर अर्जदाराचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. वहीत पडीत लिहिलं आहे. पण वही म्हणजे सगळं नव्हे. म्हणून तुम्हाला विचारतो. पावसाळ्यात इथं काही पेरता का?"

जांभळाच्या पानांवरून एक थेंब त्यांच्या पांढऱ्या पातळावर पडला. कंचनबाईंनी पुंजाजीकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. हातातल्या टोपीची शिवण बोटाने चाचपत होता.

"घाई नाही," साहेब म्हणाले. "नीट आठवून सांगा. थोडंफार तरी असेलच. एखाद्या कोपऱ्यात भेंडी, काकडी? तेवढंही मला पुरेल."

हा माणूस दार उघडून धरतो आहे, हे कंचनबाईंना कळलं. एक शब्द पुरे होता. पुंजाजीची तिसरी पिढी इथे राहिली असती. त्यांनी डोळे मिटले. रोज सकाळी सूर्य वर आल्यावर त्या जे नियम मनाशी म्हणत, त्यातला दुसरा खोटं न बोलण्याचा होता. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून तो त्यांनी एक दिवसही सोडला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "चातुर्मासात इथं काही पेरत नाही. माझा नियम आहे."

साहेबांनी चष्मा सारखा केला. मग पुंजाजीकडे वळले. "काय हो, बाई म्हणतात ते खरं?"

झोपडीच्या दारातून कस्तुराबाई दोन पावलं पुढे आली. पुंजाजीने तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि ती जागीच थांबली.

"बाई खोटं बोलत नाईत जी," तो म्हणाला.

"मी तुम्हाला विचारतो आहे."

"बाई म्हन्तात तेच."

मदनसिंगाने वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं. पुंजाजीने अंगठा दिला. कंचनबाईंनी सही केली. त्यांचं अक्षर सुरेख होतं. देवेंद्रकुमार साहेबांना जीपपर्यंत पोचवायला गेला तो त्यांच्याबरोबरच गावात निघून गेला. जाताना तो हाक मारून म्हणाला, "काकी, तुमच्यासाठी टांगा पाठवतो!"

कंचनबाई जांभळाखालच्या दगडावर बसून राहिल्या. पुंजाजी समोर उकिडवा बसला होता. कस्तुराबाईने पितळेचा लोटा आणून ठेवला. "उकळलेलं हाये बाई. गाळून घेतलं दोनदा." उपासात उकळलेलं पाणी चालतं, एवढं तिला माहीत होतं.

लोट्याला हात लावणार तोच झोपडीच्या मागून शेळी आली. तिच्या तोंडात हिरवा पाला होता, आणि पाल्याच्या टोकाला पांढराशुभ्र मुळा लोंबत होता. ती ऐटीत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि चावू लागली.

"हाड! मेली तुझी जात," म्हणत कस्तुराबाई धावली. शेळी पळाली. मुळा मात्र खाली पडला, थेट कंचनबाईंच्या पायाशी. त्याच्या बारीक मुळ्यांना ओली माती होती.

कंचनबाई उठल्या. झोपडीला वळसा घालून मागे गेल्या. तट्ट्याखाली ढीग होता. शेळीने एका बाजूने तट्टा ओढला होता. मुळे, भेंडीची फुलांसकट उपटलेली झाडं, चवळीचे वेल, सांभाराच्या कोवळ्या काड्या. अजून पुरतं सुकलंही नव्हतं.

"कधी उपटलं?"

पुंजाजीने तट्टा पुन्हा ढिगावर ओढला.

"कस्तुरे, तुला विचारते."

"काल सकायी," कस्तुराबाई म्हणाली. "मदनसिंग सांगून गेला, साहेब येनार, संग बाई येनार, सारं वावर पाहनार. आमाले वाटलं तुमाले कोनी चुगली केली. तुमीच साहेबाले घेऊन पाहाले येऊन राह्यल्या."

"आणि दरवर्षी?"

पुंजाजीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "थाळण्याच्या मांगं. रस्त्यावरून दिसत नाई. मदनसिंग बांधावरूनच पाह्यते, तो कायले विहिरीपर्यंत येते." थोडं थांबून तो म्हणाला, "ज्वारी कमी पडत नव्हती बाई, तसं नोका समजू. पोट भरत होतं. पर पानी पडून राह्यलं, माती फुगून आली, अन् माळ्यानं हात बांधून बसाचं... झोप नाई लागे. पह्यल्या साली पंधरा दिवस बसलो. मंग हिनं एक वाफा केला. मी पाह्यलं, पर बोललो नाई."

"तुमच्या नावानं माफी मागूनच बी टाकत होतो," कस्तुराबाई म्हणाली. "दरसाल."

नऊ वर्षं. कंचनबाईंनी झोपडीच्या कुडाला हात लावला. रोज म्हटलेले ते शब्द, कार्तिकी पौर्णिमेला महासतीजींसमोर जोडलेले हात, आणि इकडे थाळण्यामागे कुदळ. पण ते दुःख मनात उतरायच्या आधीच दुसरं त्याला ढकलून पुढे आलं.

"पुंजाजी, साहेब इतकं विचारत होते. एका कोपऱ्यात भेंडी असली तरी पुरे म्हणाले. का नाही सांगितलं?"

पुंजाजीला हा प्रश्नच कळला नसावा तसा तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

"तुमी म्हनलं ना, नाई म्हनून," तो म्हणाला. "चार लोकांत तुमाले खोटं पाडू? अन् तुमच्या नेमाचं काय झालं असतं, बाई?"

कस्तुराबाई खाली वाकली आणि तिने त्यांचे पाय धरले. "तुमच्यात या दिवसांत माफी मागतात म्हन्ते. आमाले माफ करा. तुमचा नेम आमी खाल्ला."

कंचनबाईंना उलट तेच शब्द बोलायचे होते. त्याऐवजी त्यांनी कस्तुराबाईचे हात पायांवरून सोडवले. त्या खाली बसल्या. कंदमुळाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. माहेरच्या स्वयंपाकघरातही मुळा येत नसे. त्यांनी ढिगातले पाच-सहा मुळे पाल्यासकट, मातीसकट उचलून पदरात घेतले.

"चल पुंजाजी."

"कुठं जी?"

"साहेबांकडे. मी सांगते."

"अंगठा देल्ला बाई मी."

"सही मीही दिली आहे. चल."

टांग्याची वाट त्यांनी पाहिली नाही. शेतातून रस्त्यापर्यंत त्या सरळ गेल्या. गवत पायाखाली वाकलं, ओलं ओलं लागलं, त्यांनी खाली पाहिलं नाही. पुंजाजी चार पावलं मागे, त्यांच्या चपला हातात घेऊन. चपला धुऱ्यावर राहिल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. गावात शिरल्यावर कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर धापूबाई बसलेल्या होत्या, रोज जैन स्थानकात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या. पदरातून बाहेर आलेल्या पाल्याकडे त्यांनी पाहिलं, मग कंचनबाईंच्या तोंडाकडे, आणि मग आत तोंड करून सुनेला काहीतरी सांगू लागल्या.

कचेरीत साहेब जेवून नुकतेच खुर्चीवर बसले होते. कंचनबाईंनी पदर टेबलावर मोकळा केला. कागदांवर माती सांडली.

"हे माझ्या शेतातले आहेत," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "विहिरीमागचे. दरवर्षी असतात. भेंडी असते, चवळी असते. जमीन पडीत नसते. सकाळी मी चूक सांगितलं."

साहेबांनी मुळ्यांकडे पाहिलं. कागद हळूच खालून ओढून घेतले, माती झटकली.

"बसा बाई. पाणी घेता?"

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"तुमच्या शेतात काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"त्यांनी लपवलं होतं. माझ्यासाठी. मी येणार म्हणून काल उपटून टाकलं. ती खताची जागा, तीच."

"खताची जागा मी पाहिली," साहेब म्हणाले. "खतच होतं. पुंजाजीनं माझ्यासमोर तसं सांगितलं, आणि तुमचा जबाब बरोबर आहे म्हणून अंगठाही दिला." ते रागावले नव्हते, आणि तेच कंचनबाईंना सोसवेना. "मी इथं बदलून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कोणीतरी म्हणालं, फूलचंदजींच्या घरच्या बाई खोटं बोलत नाहीत. आज सकाळी मी पाहिलंही. इतकं विचारलं, तरी तुम्ही खोटं बोलला नाहीत. मला खरंच वाटत होतं, तुम्ही हो म्हणावं. नाही म्हणालात, तेव्हा मी मनात तुम्हाला नमस्कार केला."

"साहेब, मी खरं सांगते आहे."

"त्या माणसासाठी जीव तुटतो तुमचा, ते कळतं मला." साहेबांनी एक मुळा उचलून परत ठेवला. "पण मुळे बाजारातही मिळतात, बाई. आज बाजाराचाच दिवस आहे."

कंचनबाई उभ्याच होत्या. मग साहेब आणखी मऊ आवाजात म्हणाले, "उपासाचे दिवस तुमचे. आयुष्यभर जपलेलं, आता कशाला घालवता? मी हे ऐकलंच नाही असं समजतो. घरी जा."

त्यांनी घंटी वाजवली. शिपायाने मुळे गोळा केले, टेबल फडक्याने पुसलं, आणि दाराशी जाऊन त्याने विचारलं, "हे मी घेऊ का साहेब? कोवळे हायेत."

कंचनबाई बाहेर आल्या. पायऱ्यांखाली कडुलिंबाच्या सावलीत पुंजाजी बसला होता. त्या दिसताच तो उठला. चपला त्याने पायऱ्यांजवळ जोडून ठेवल्या आणि हात जोडून उभा राहिला. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

"काय म्हनले साहेब?"

कंचनबाईंनी पदराला चिकटलेली माती झटकली. ती ओली होती, निघेना. त्यांनी पुन्हा झटकली.

"पाहतो म्हणाले," त्या म्हणाल्या.

पुंजाजीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्याने आकाशाकडे पाहून हात जोडले, मग त्यांच्याकडे पाहून जोडले. "मंग झालंच जी. तुमी म्हनल्या म्हंजे झालंच." तो निघाला, चार पावलांवर थांबून वळला. "खत काढून वाफे मोकळे करतो आजच. मेथीचं बी हाये घरात. साहेब पुन्हा पाहाले आले तर उगवलेलं पाह्यजे."

तो झपाझप चालत गेला. त्याच्या पायांना आता कसलीच दमणूक नव्हती. कंचनबाई पायरीवर उभ्या होत्या. त्याला थांबवायला एक हाक पुरली असती.